रेतीतल्या पाखराचा फोटो

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. जळगाव जामोदला माझा फोटोचा लहानसा धंदा होता. लग्नं, बारशी आणि खुर्चीत टेकवून बसवलेले मयत, यांवर आमचं पोट चालायचं. पाखरांचे फोटो काढणं म्हणजे लोकांच्या लेखी निव्वळ रिकामटेकडेपणा. लोकांना काय, बोलायला विषय लागतोच.

त्या उन्हाळ्यात आम्ही पूर्णेकाठी सासऱ्यांकडे होतो. नदीच्या कोरड्या पात्रात त्यांची डांगरवाडी होती, टरबूज-खरबुजांचे वेल. आमचं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं होतं आणि तेव्हापासून बायको बोलेनाशी झाली होती. माहेरी बरं वाटेल म्हणून आणली, तर तिथंही नुसती पडून राहायची. मी पार खचलो होतो.

पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारी इवलीशी पाखरं असत. गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं. त्यातल्या एका मादीनं वेलांपासून थोडं दूर, उघड्या रेतीतच अंडी घातली. ना काडी, ना कापूस. मी घरी सहज बोललो, तर बायको उठून बसली. तिला पिल्लं बघायची होती. मग रोज सकाळी ती माझ्याबरोबर येऊ लागली. तुराट्यांच्या आडोशाला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. परतल्यावर ती चार घास जेवायचीसुद्धा. पिल्लं निघाली की ही सावरेल, असं मी धरूनच चाललो.

एके दिवशी मी फिल्म धुवायला जळगाव जामोदला गेलो. ऊन मी म्हणत होतं. दुपारी ती एकटीच रेतीत गेली. कोवळ्या वेलांना झळ लागू नये म्हणून तिच्या माहेरी वरून पळसाची पानं पसरतात आणि कडेला रेतीचा भार देतात. तिनं अंड्यांनाही तसंच मायेनं झाकलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा पाखरू लांब पाण्याशी ओरडत फिरत होतं. आम्ही पानं काढली, मागे सरलो, वाट पाहिली. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"माह्या हातानं काईच जगत नाई," ती म्हणाली.

पाखरं भित्रीच असतात, असं होतंच, असलं काहीबाही मी बोलत राहिलो. माझाच त्यावर विश्वास नव्हता. मग तिला जरा बरं वाटेल म्हणून धुऊन आणलेला फोटो तिच्या हातात दिला. एका दुपारी मी एकट्यानंच जाऊन काढलेला होता. त्यात पाखरू अंड्यांवर बसलेलं नव्हतं, त्यांच्यावर पंख जरा सैल सोडून उभं होतं. उडायच्या बेतात असेल, असं मी धरलं होतं. तिनं फोटो दाराच्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला.

"अंड्यायवर सावली त् तीच धरून उभी होती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता फोटो परत दिला.