कुणालाही त्रास न देता शिवलेला शर्ट

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आळेफाट्याच्या अलीकडे उसाला लागून एक पत्र्याची शेड होती आणि तिथे आम्ही एका परदेशी ब्रँडचे सुती शर्ट शिवायचो. आम्ही म्हणजे बाकीच्या बायका. मी बी.ए. झालेली, म्हणून मला पॅकिंगचं टेबल आणि एक डुगडुगती खुर्ची मिळाली होती.

शर्टाच्या कॉलरला आतून एक लेबल लागायचं. ते लावणारी माझ्याच वयाची, खोडदला दिलेली, पोटुशी होती. त्यावर काय लिहिलंय, असं तिने एकदा विचारलं. मी वाचून सांगितलं, की हा शर्ट बनवताना कुठल्याही माणसाला किंवा निसर्गाला त्रास झालेला नाही.

"कुठल्या माणसाला?" तिने विचारलं आणि पुढचं लेबल मशीनखाली सरकवलं.

तिचं विचारणं रास्त होतं. शेडला संडास नव्हता. सगळ्या उसात जायच्या, आणि त्या वर्षांत आमच्याकडच्या उसात बिबटे राहायला आले होते. म्हणून एकटीने जायचं नाही, जाताना स्टीलची थाळी वाजवत जायचं, असा रिवाज पडला होता. पोटुशीला सारखं जावं लागे. दर वेळी सोबतीला कुणीतरी मशीन सोडून उठे आणि मालकाचं तोंड वाकडं होई. शेवटी तिने पाणी पिणंच सोडलं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं. पाणी प्यायली नाहीस तर बाळाला अपाय होईल, म्हणाल्या.

अशात बातमी आली, की आपला ब्रँड किती नैतिक आहे आणि निसर्गाला किती जपतो, हे तपासायला एक मॅडम येणार आहेत. मालक गावातलेच बागायतदार, त्यांना सगळ्या दादा म्हणायच्या. दादांच्या अंगात वारं शिरलं. वाळूच्या लाल बादल्या टांगल्या गेल्या, औषधांची पेटी आली, तोंडाला बांधायची फडकी आली. आणि शेडच्या मागे संडास उभा राहिला. गुलाबी फुलांच्या फरशा, आरसा, टॉवेल, कोरा साबण. दादांच्या स्वतःच्या घरी एवढा थाट नव्हता.

फक्त खाली शोषखड्डा नव्हता. गवंडी म्हणाला होता, खड्ड्याला वेळ लागेल. दादा म्हणाले, तपासायला येणारं माणूस जमिनीखाली बघत नाही. मॅडम गेल्या की लगेच खणू, असा शब्द त्यांनी पोटुशीला दिला. उद्यापासून तंबाखू सोडणारा माणूस देतो, तितक्याच मनापासून दिला.

काय विचारलं तर काय सांगायचं, याची शिकवणीही झाली. ती वाया गेली म्हणायची, कारण आमच्याकडे पाहुण्यांसमोर घरातलं उणंदुणं काढायला कुणाला मुळात येतच नाही.

मॅडम दिल्लीकडच्या होत्या. हातमागाचा कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी संडासाचा फोटो काढला, साबणाचा वेगळा काढला. मग मला दुभाषी करून एकेकीला विचारलं, काही अडचण? एकेकीने सांगितलं, लई चांगलं हाय. पोटुशीनेही तेच सांगितलं. मला असा संताप आला, की इंग्रजीत सगळं ओकून टाकावं. तिने टेबलाखालून माझा हात दाबला. "पावण्यांसमोर घरचं काढत्यात व्हय?"

नंतर बायकांनी मॅडमना पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात हे बंद, म्हणून माझ्याकडे चहा करायचं काम आलं. ओटीत जो नायलॉनचा चकचकीत खण पडला, तो मी ओळखला. या ओटीतून त्या ओटीत तो वर्षानुवर्षं फिरत होता आणि त्याला अजून कात्री लागली नव्हती. मॅडमच्या कागदात कापडाच्या पुनर्वापराचा एक रकाना होता. मी असते तर त्या खणाला पैकीच्या पैकी दिले असते.

ओटी भरली आणि मॅडमच्या ताई झाल्या. मग प्रत्येकीने ताईंना आपल्या हाताने एकेक कप चहा पाजला. नाही म्हणण्याची सोयच नव्हती. थोड्या वेळाने ताई चुळबुळ करू लागल्या आणि त्यांनी संडासाचं विचारलं.

दादा पत्र्याकडे बघू लागले. पोटुशी मात्र यजमानिणीसारखी तत्परतेने उठली. "त्यात नगं ताई, ते नुसतं दाखवायला बांधलंय. आमी जातो तिकडं नेते तुमाला." तिने एका हाताने पाण्याचा डबा दिला, दुसऱ्या हाताने थाळी उचलली. तक्रारीचा एक शब्द नव्हता, निव्वळ पाहुणचार होता. मी ते जसंच्या तसं ताईंना सांगितलं. थाळी कशाला, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मी फार आनंदाने, शुद्ध इंग्रजीत दिलं.

मग निघाली वरात. मध्ये ताई, भोवती बायका, पुढे थाळी वाजवणारी पोटुशी.

परत आल्यावर ताई बराच वेळ लिहीत बसल्या. जाताना त्यांनी पोटुशीचा हात हातात घेतला आणि हे बदलेल, असं सांगितलं. बाई खरी होती, तिच्याबद्दल माझं आजही वाईट मत नाही.

आणि बदललंही. दादांनी शरमेने दुसऱ्याच दिवशी खड्डा खणायला घेतला. संडास सुरू झाला, पोटुशी घटाघटा पाणी पिऊ लागली. मग ब्रँडचा निरोप आला. अशा ठिकाणी शिवलेला माल त्यांच्या नावाला शोभत नाही, हातातली ऑर्डर संपली की काम बंद. शर्ट आता दुसरीकडे शिवले जाणार होते. तिथे जमिनीखाली काय आहे, ते त्यांना अजून दिसलेलं नव्हतं. ब्रँड नैतिक राहिला आणि आम्ही सगळ्या घरी बसलो. मला त्या लेबलाची अजूनही चीड येते.

शेवटच्या दिवशी शेवटचं लेबल लावून पोटुशी संडासात गेली. आम्ही घरी नेणाऱ्या जीपमध्ये बसून वाट बघत होतो. ती सावकाश बाहेर आली, हात पुसले, टॉवेल नीट घडी करून ठेवला.

"ताईंना कळवशील का गं," ती मला म्हणाली, "म्हणावं, आता परत आल्या तर उसात जायला नाय लागणार."