उकळी न येणारा चार्जर

तळेगाव ढमढेऱ्याच्या स्टँडशेजारी आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, बॅटरीतलं एकच शास्त्र माहीत होतं: उकळी. जीपवाले बॅटरी आणून ठेवायचे, आप्पा जुन्या चार्जरचे चिमटे लावायचे आणि आतलं पाणी बुडबुड करायला लागलं की गिऱ्हाईक खूश. अ‍ॅसिडच्या वाफेनं आप्पांच्या सदऱ्यांना भोकं पडलेली, घसा बारमाही बसलेला. बॅटऱ्या वर्षभरात मरायच्या आणि त्याचं खापर खराब रस्त्यांवर फुटायचं.

पाबळला इलेक्ट्रिकच्या कामाचा वर्षभराचा कोर्स करून मी परत आले ती ही उकळी बंद करायचीच असं ठरवून. मामांनी कुरकुंभच्या औषध कंपनीत पॅकिंगला लावून देतो असं सांगून ठेवलं होतं. आप्पांनी अट घातली: दुकानात चालेल असं एक मशीन करून दाखव, मग खुशाल दुकानात काम कर. नाहीतर कुरकुंभची शिफ्ट धर. मला त्या अटीचा राग आला. मुलगा असते तर परीक्षा कुणी घेतली नसती. पण राग गिळला आणि कामाला लागले.

सर्किट साधंच होतं. जुन्या चार्जरमधूनच काढलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढं दोन रेग्युलेटर, एकामागे एक. पहिला करंट अडवणार, चार अँपिअरच्या वर जाऊ देणार नाही. दुसरा व्होल्टेज धरून ठेवणार. बॅटरी चौदा पॉइंट चार व्होल्टला पोचली की तिथंच थांबवणार. मग करंट आपोआप उतरत जातो. बॅटरी भरते, शिजत नाही. रेग्युलेटर फार तापतात, म्हणून खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी आणली आणि दोघांनाही तिच्यावर कसून टाकलं.

पहिल्याच दिवशी एका जीपवाल्या काकांची बॅटरी लावली. दुपारपर्यंत ती अशी उकळली की विचारू नका. काका खूश, आप्पा त्याहून खूश. त्यांनी पलीकडच्या सलूनवाल्यालाही बोलावून माझी करामत दाखवली. मला मात्र घाम फुटला. त्या चार्जरवर उकळी यायलाच नको होती.

मीटर लावला तर व्होल्टेज सोळाच्या पुढं. अर्धा तास तारा चाचपल्यावर चूक सापडली. या रेग्युलेटरची धातूची पाठ आतून त्याच्या आउटपुटलाच जोडलेली असते. दोघांना एका पट्टीवर बसवायचं तर खाली वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकती घालावी लागते, नाहीतर पट्टीतूनच दोघं एकमेकांना जोडले जातात. मी चकत्या घातल्याच नव्हत्या. करंट दोन्ही राखणदारांना वळसा घालून थेट बॅटरीत चालला होता. सगळ्यांनी ज्या करामतीला माना डोलावल्या, ती निव्वळ माझी घोडचूक होती.

चकत्या घातल्या. व्होल्टेज बरोबर जागेवर आलं, बॅटरीत बारीक बुडबुडे तेवढे उरले. आणि उकळी दिसेना म्हणून आठवड्याभरात तिघांनी आपापल्या बॅटऱ्या उचलून शिक्रापूरच्या दुकानात नेल्या. आप्पा म्हणाले, "तुझं चुकलं व्हतं तवा समदे खूश व्हते. आता बरूबर हाय तर कुणी येईना. काढ त्या चकत्या." मी काढल्या नाहीत.

एका सकाळी मी शिरूरला डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायला गेले. दुपारी परतले तर दुकानाच्या दारातच तो ओळखीचा आंबट वास. आत त्याच काकांची बॅटरी रटरट उकळत होती आणि पट्टीवरच्या चकत्या गायब होत्या. मी त्या बसवत होते तेव्हा आप्पांनी नीट बघून ठेवलं होतं. मी संतापले. त्यातही मनात आलं, अख्ख्या घरात माझं सर्किट कळलेला हा एकच माणूस, आणि तोही विरुद्ध पार्टीत.

मी सरळ चिमटे काढले. काका बाकड्यावरच होते. म्हणाले, "आगं पोरी, बॅटरी बोलली पायजे. बोलली न्हाई तर भरली कसं कळायचं?"

आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं कळतं, हे मी त्यांना दोनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा दाखवायची इच्छा नव्हती.

"काका, ती बोलत न्हाई, मरती. पयल्या दिवशी उकळली ती माझ्या चुकीनं. ती चूक मी सुधारली. हितनं पुढं या दुकानात बॅटरी उकळणार न्हाई."

गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची नसते, हा धंद्याचा पहिला नियम मी भर दुकानात मोडला होता. काकांनी बॅटरी उचलली आणि चालते झाले. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "मग आता गिऱ्हाइकाला बी तूच तोंड दे," एवढं बोलून ते समोरच्या टपरीवर चहाला निघून गेले.

चकत्या त्यांच्या टेबलाच्या खणात सापडल्या, कागदाच्या पुडीत नीट बांधलेल्या. मी त्या पुन्हा बसवल्या. दुकानात चिटपाखरू नव्हतं. तशीच उठून शेजारच्या एसटीडी बूथवर गेले आणि मामांना फोन करून सांगितलं, कुरकुंभला माझी वाट बघू नका. आप्पांना विचारलंस का, असं मामांनी विचारलं. नाही, म्हटलं.

परत येऊन आप्पांच्या खुर्चीत बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण उठायचं नाही हे ठरलं होतं. थोड्या वेळानं आप्पा चहा पिऊन आले. दारात थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं, चार्जरकडं बघितलं. मग आत न येता ते बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसले.