मागचं सगळं पुसट हवं

नऊ नोव्हेंबरला, रविवारी, मी हॉलच्या खिडक्यांवरची काळी कापडं उतरवायला स्टुलावर चढले. ती माझ्या धाकट्या दिरांनी ठोकलेली होती. विक्षिप्त माणसं जगात पुष्कळ असतील, पण भरदिवसा दुसऱ्याच्या घरात अंधार करून, मग त्या अंधारात काही दिसत नाही म्हणून कपाळावर हात मारून घेणारा माणूस एकच, आणि तो आमच्या नात्यात आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून नापास करण्यात भावोजींची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि माणसं नापास करायला सुरुवात केली. सिनेमा एकच, त्यातला प्रसंगही एकच: अंधाऱ्या खोलीत दिव्याजवळ एक बाई वाट बघत बसली आहे. ती बाई मी. "कोणाची वाट बघतेय मी?" असं विचारलं, तर म्हणाले, "ते अजून ठरलं नाही, वहिनी. आधी मागचं विरघळू दे." चेहरा तेवढा लख्ख आणि मागचं सगळं पुसट, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी बाई कॅमेऱ्याजवळ हवी आणि तिच्यामागे भरपूर लांबी. टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या खोलीत भिंत पाठीलाच टेकते. डोंबिवलीत माझ्याकडे मात्र माझं दार, मधला पॅसेज, समोरच्यांचं दार आणि थेट त्यांचं स्वयंपाकघर एका रेषेत येतं. हे भावोजींच्या एकदा चहा पिताना लक्षात आलं. कप तसाच ठेवून ते मोजायची टेप आणायला धावले, आणि माझे रविवार संपले.

अंधार म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, आणि ती उघडी ठेवली की फोकस जेमतेम दोन बोटं रुंद. डोळा स्पष्ट आला की कान पुसट. लेन्सपासून माझ्या पापणीपर्यंत ते टेप लावत आणि सांगत, "आता श्वास घ्या, पण पुढे येऊ नका." एकदा कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. "वहिनी, वाट बघणारी बाई वरण उतरवायला जात नाही!" "जाते," मी म्हटलं. "तीच जाते."

समोरच्या मावशी मूळच्या इथल्याच. आमची इमारत त्यांच्या भातशेतावर उभी आहे. कोणी फोन समोर धरला की त्यांचा पदर तोंडावर. लेकीच्या लग्नाच्या अल्बमातही त्या अशाच आहेत. "मना नको घेव रं बाबा," असं त्यांनी भावोजींनाही बजावलं. भावोजींनी शब्द दिला, "मावशी, तुम्ही दिसणारच नाही. नुसता रंग दिसेल." मग मावशी निर्धास्त झाल्या. ओट्यावरचा पिवळा बल्ब लावून, दार उघडं टाकून कोलंबी सोलत, गुणगुणत, मधूनच सुनेचा उद्धार करत मोकळ्या बसायच्या. सुरुवातीला कॅमेरा अंधारात गोंधळायचा आणि आपला आपणच त्या बल्बाकडे फोकस न्यायचा. मी पुसट, आणि मावशी कोलंबीच्या मिशांसकट स्पष्ट. असे सगळे तुकडे भावोजींनी नापास करून पुसून टाकले.

दसऱ्यानंतर मावशी गेल्या. समोरचं दार बंद राहायला लागलं आणि शूटिंगही थांबलं. म्हणून तर मी कापडं उतरवत होते. भावोजी खाली स्टूल धरून उभे होते. तेवढ्यात मावशींचा मुलगा आला.

"भाऊ, आयचे फोटो हायेत, पन सगल्यान पदर. तुमच्या पिच्चरान ती मोकली बसलेली. दावा ना जरा."

भावोजींनी लॅपटॉप उघडला. माझी एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. मागे सोनेरी गोल तरंगत होते. खरंच सुंदर होतं.

"ह्यान आय कुठं हाय?"

भावोजींनी बोट ठेवलं. "ही."

"ह्यो त बल्ब हाय."

"त्याच्या खाली. ते हलतंय ना, ते."

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. पडद्याला नाक लावून बघितलं. शेवटी उठला. "काम मस्त झालंय, भाऊ," असं म्हणाला आणि हळूच दार ओढून निघून गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावोजी जेवले नाहीत. पुसलेलं काही परत मिळतं का, ते शोधत बसले. काही मिळालं नाही. "वहिनी," ते म्हणाले, "एकही बिघडलेला तुकडा ठेवला नाही हो मी." मी त्यांचं अंथरूण हॉलमध्येच घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडं भिजत घातली आणि खिडक्या उघडल्या. भावोजी स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. डोळे सुजलेले, शर्ट चुरगळलेला. त्यांचा स्वतःचा एकही व्हिडिओ कोणाकडे नाही, कारण ते कायम कॅमेऱ्यामागे. माझा फोन साधा आहे; त्यात नाकापासून भिंतीपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट येतं. मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चटकन कप तोंडापुढे घेतला.

"वहिनी, मागे सिलिंडर दिसतोय."

"दिसू दे," मी म्हटलं. "कप खाली घ्या."