न दुखणारा अंगठा

डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पायांचे एमआरआय कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले, जरा वेळ बघितलं आणि मलाच विचारलं, "मामा, दुखणारा पाय कुठला म्हणालात?"

"उजवा," मी म्हणालो.

"डाव्याचा अंगठा त्याच्यापेक्षा जास्त झिजलाय."

डावा माझा साठ वर्षांत एकदाही दुखला नव्हता.

ज्यांचा अंगठा दुखतोय आणि जे माझ्यासारखे तपासणीच्या रांगेत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी उचगावात राहतो, शाहूपुरीत माझं शिलाईचं दुकान आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखायला लागला तो मशिदीत. नमाजात बसताना उजवं पाऊल उभं ठेवून बोटं वाकवावी लागतात. त्या दिवशी अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी अब्बा होते, पंच्याऐंशी वर्षांचे, आरामात बसलेले.

लहानपणापासून मी त्यांच्याच शेजारी बसत आलो. पुढच्या जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, मला मागे खुर्चीवर बसावं लागलं. अब्बांचे किती जुम्मे राहिलेत कुणाला माहीत. मला ती शेजारची जागा परत पाहिजे होती, एवढ्यासाठीच सगळी धडपड.

आधी रक्तातलं युरिक अ‍ॅसिड तपासलं. ते वाढलं की सांध्यात बारीक खडे साठतात, त्याला गाउट म्हणतात. माझं ठीक निघालं आणि मला वाईट वाटलं. गाउट असता तर निदान त्याची गोळी तरी मिळाली असती.

मग एमआरआय. दोन्ही पायांचा करा, हा हट्ट माझाच. दुकानात आम्ही शर्टाच्या दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवतो आणि कुठली चुकली ते बघतो. पायांचंही तसंच कळेल, असं मला वाटलं. आत जाताना शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या सापडल्या, मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच, म्हणून तिथला माणूस ओरडला. मशीनमध्ये बराच वेळ पाय हलवायचा नव्हता. ठकठक आवाज ऐकत पडून राहिलो.

रिपोर्टमध्ये 'कार्टिलेज लॉस' लिहिलं होतं, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजणं. 'बोन मॅरो एडिमा' म्हणजे हाडाच्या आतली सूज. दोन्ही शब्द दोन्ही पायांना.

"मग उजवाच का दुखतो?"

"खरं सांगू? मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांच्याही एमआरआयमध्ये असं दिसतं. फोटोत झीज दिसते, दुखणं दिसत नाही. यावरून मी ऑपरेशन सांगणार नाही."

मी फार चिडलो. पण भांडायचं कुणाशी? डॉक्टर तर खरं बोलले होते.

त्या दिवसापासून मी डावा पायही जपून टाकायला लागलो. रोज सकाळी अंगठा दाबून बघायचो.

"दुखतोय का त्यो?" बायकोनं विचारलं.

"न्हाय."

"मग लंगडतायसा कशाला?"

चांगल्या पायाचा फोटो बघायची हौस करू नका, एवढंच सांगतो.

कडक तळाचे बूट घेतले, व्यायाम केले. फरक पडला, पण नमाजात बसण्याइतका नाही. मी खुर्चीवरच राहिलो.

गेल्या महिन्यात अब्बा उठून मागे आले. "किती दिस हितं बसणार हायस?"

"अंगठा वाकत न्हाय, अब्बा."

"दुसरा वाकतोय न्हवं? मग त्यो वाकव की. नाइलाज हाय, चालतंय."

मला भीती वाटत होती. त्या अंगठ्याच्या आतली झीज मी डोळ्यांनी बघितली होती. पण अब्बांनी हात धरून पुढे नेलं. आयुष्यात पहिल्यांदा उलटा बसलो, उजवं पाऊल आडवं आणि डावं उभं. कळ येणार म्हणून श्वास रोखला. ती आली नाही.

उजवा का दुखतो ते अजून कुणाला सांगता येत नाही. डावा कधी दुखायला लागेल तेही नाही. दर जुम्म्याला त्याच्यावर भार देतो आणि वाट बघतो. इतकी वर्षं ज्याची कधी आठवणही काढली नाही, त्या अंगठ्यासाठी आता अल्लाचा शुक्र मानतो.

उठताना मात्र मला अब्बांचा हात लागतो.