सौ. कुदुमची उडती तबकडी

तोंडाला तोंड लावून चिकटवलेली दोन स्टीलची ताटं, गॅलरीच्या गजाला सुतळीने टांगलेली, अंगावर ओला करडा रंग... झुळूक आली की ती सावकाश गिरकी घेत आणि टर्पेंटाइनचा उग्र दर्प आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत फोडणीच्या वासात मिसळून जाई. मी सात वर्षांची होते. उडती तबकडी म्हणजे खरोखरच दोन तबकड्या असतात, अशी माझी ठाम समजूत होती — आणि ती बाबांनी स्वतःच्या हातांनी करून दिली होती.

बाबा टीव्हीच्या स्टुडिओत रंगारी होते. मुलांच्या एका अवकाशमालिकेसाठी यान हवं होतं, आणि ताटं होती आईची, माहेरची. चारांचा संच, प्रत्येकाच्या पाठीवर भांडीवाल्याने मशीन टर्रर्र फिरवत ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आईचं नाव कुमुद. त्या महाभागाने चारही ताटांवर ‘सौ. कुदुम यांस, आईकडून’ असं कोरून ठेवलं! तेव्हापासून बाबा आईला लाडात, थट्टेत, अगदी भांडणातसुद्धा ‘कुदुम’च म्हणत. ‘शूटिंग संपलं की परत आणतो गं, कुदुम,’ म्हणून त्यांनी दोन ताटं मागून घेतली. वर चहाची गाळणी बसवली, कडेने औषधाच्या बाटल्यांची बुचं लावली, सांध्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून काचकागदाने रविवारभर घासली. खालच्या ताटावरचं नाव मात्र घासलं नाही, त्यावर नुसता पातळ रंग फिरवला. ‘राहू दे, तिचंच आहे,’ म्हणाले.

तबकडी न्यायला श्रीरंगकाका आले — बाबांचे स्टुडिओतले साहेब. आईच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले त्यांनी. मालिका लागली, चाळीतली मुलं आमच्या दारात दाटीवाटीने बसली, आणि शेवटच्या नामावलीत ‘प्रतिकृती’पुढे नाव आलं ते श्रीरंगकाकांचं. बाबांचं कुठेच नाही. ताटंही परत आली नाहीत. उरलेल्या दोन ताटांत बाबा आणि मी जेवायचो, आई जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत... आणि नामावली सुरू व्हायच्या आत बाबा उठून टीव्ही बंद करायचे. ‘जाऊ दे गं,’ एवढंच म्हणायचे.

त्यांनी जाऊ दिलं. मी नाही. मी डूख धरला, आणि तो इतकी वर्षं मुरांब्यासारखा मुरवला. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा, सगळे रडत असताना, मला ते दोनदा मागितलेले पोहे आठवत होते.

आता मी नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला राहते. गेल्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर एक पोस्टर दिसलं — देशोदेशीच्या जुन्या विज्ञानमालिकांच्या, अजून टिकून राहिलेल्या मूळ प्रतिकृतींचं प्रदर्शन, द हेगमध्ये. पोस्टरच्या कोपऱ्यात आमची तबकडी! गाळणीवरून ओळखली. संग्रहालयात ती काचेच्या पेटीत तरंगत होती, खाली आरसा लावलेला, आणि शेजारच्या डच पाटीवर लिहिलेलं — पोटावर परग्रहवासीयांची काल्पनिक लिपी. लिपीसह संपूर्ण निर्मिती, श्रीरंग. आरशात उलटी पडलेली ती ठिपक्यांची अक्षरं पाहून आधी मला हसू फुटलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी दुपारी काका स्वतः व्याख्यानाला येणार होते.

मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘आपला माणूस येतोय, सगळ्यांनी या.’ मला साक्षीदार हवे होते.

काका थकले होते, हातात काठी होती. तरी इंग्रजीत ऐटीत म्हणाले, ‘या लिपीचा अर्थ मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही.’ मी उठले. आरशातला फोटो फोनमध्ये सुलटा करून ठेवला होता, तो त्यांच्यापुढे धरला आणि मराठीत म्हटलं, ‘काका, सुलटं केलंय. वाचून दाखवता?’

त्यांनी फोन डोळ्यांजवळ ओढला. मग मीच खणखणीत वाचलं: ‘सौ. कुदुम यांस, आईकडून.’

मग मागून एक बाई ओरडलीच, ‘अय्या, भांड्यावरचं नाव!’ आणि सगळी मराठी बाजू खदखदून हसली. संग्रहालयाच्या बाई गोंधळून विचारू लागल्या, कुणीतरी त्यांना डचमध्ये समजावलं, आणि ते हसू हळूहळू पुढच्या रांगांपर्यंत पोचलं.

‘तू... मनोहरची मुलगी?’ काका पुटपुटले.

‘हो. आणि कुदुमची.’

काठी सावरत ते खुर्चीत बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, असं नंतर मैत्रीण म्हणाली. नाही वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटत नाही.

महिन्याभरात पाटी बदलली. निर्मिती: मनोहर. मी पाटीचा फोटो काढला आणि तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा चढवून बाबांचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, ‘आणि माझी ताटं गं?’

मी सांगितलं, विचारलं होतं मी, पण देत नाहीत. सोडवायला गेलं तर मोडतील म्हणतात.

तिच्या मागे ठाण्याच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

‘म्हणजे यांनी भरलेला सांधा अजून सुटला नाही?’

‘नाही गं, आई.’

‘मग राहू देत,’ आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला उठली.