सारंगी बाहेर ठेवा
संगीताला प्रांत नसतो, असं हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्या वर्षी आमच्या संगीत विद्यालयात तीन पाहुण्यांनी हार घालून घेत सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात कोणता शिक्षक कोणत्या प्रांताला जाणार याची यादी भिंतीवर लागली. टाल्कम पावडरचा वास आला की मला त्या यादीत नसलेले आमचे सारंगीचे उस्ताद आठवतात. वाजवण्याआधी ते बोटांना पावडर लावत. प्रमाणपत्र नसल्यामुळे नोकरी टिकवायला त्यांना समितीपुढे परीक्षा द्यायची होती. त्या सकाळी व्हरांड्यात बसून त्यांनी तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या, पस्तीस तारा तासभर सुरात लावल्या. मी, त्यांचा विद्यार्थी, शेजारी बसलो होतो. "आज साबां कू रुलातूं देख, पंडित," ते हसून मला म्हणाले. शिपायाने त्यांचं नाव पुकारलं आणि सारंगी बाहेर ठेवायला सांगितली. उघड्या दारातून मला दिसत होतं; आत समितीच्या अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला आणि एका बंदिशीची स्वरलिपी लिहून मागितली. उस्तादांना कोणतीच लिपी येत नव्हती. "बजाके सुनातूं ना साब, लिखना कायकू?" "आम्ही इथे मैफिलीला आलेलो नाही, उस्ताद," अध्यक्ष म्हणाले. उस्ताद बाहेर आले, खाली बसले आणि त्यांनी एकेक करून सगळ्या तारा सैल केल्या. दोन महिन्यांनी ती जागा मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तिथे सारंगीची लेखी परीक्षा घेतली.