सोफ्याला शोभणारा मासा

गिऱ्हाइकांच्या अकलेची शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला कीव यायची. आज एक बाई आल्या. घरच्या टाकीत नखाएवढे निऑन मासे, आणि सोफ्याला शोभतो म्हणून त्यांना तळहाताएवढा एंजल मासा हवा होता.

"अहो, हा त्यांना एकेक करून गिळेल!" तो खेकसला. "रूप बघून मासा घेतात का? स्वभाव बघायचा, कुणाबरोबर राहणार ते विचारायचं. देवानं डोकं काय केस विंचरायला दिलंय?"

बाई तणतणत निघून गेल्या.

"असल्यांना प्लॅस्टिकचे मासे द्यावेत," तो मुलीकडे बघून हसला. लग्नानंतर चौथ्याच महिन्यात माहेरी परतलेली मुलगी टाकीची काच पुसत होती. ती हसली नाही.

"बाबा, माझ्या वेळी मुलगा राजबिंडा दिसतो, एवढंच तुम्ही बघितलं होतंत."